उंबरठ्यावरचा न्याय

न्याय म्हणजे सारखी वाटणी, असे आपण लहानपणापासून धरून चालतो. आईने फराळाची ताटे भरली आणि सर्व भावंडांना सारख्या करंज्या आल्या, की न्याय झाला. एखाद्याच्या ताटात एक जास्त गेली, की अन्याय. पुढे वय वाढते, चार पुस्तके वाचून होतात, तरी मनातली ही मूळ कल्पना फारशी हलत नाही. परंतु ताटे भरायला घेण्यापूर्वीच एक गोष्ट ठरून गेलेली असते आणि तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ताटे किती मांडायची, हे ते ठरणे. वाटणी कितीही चोख असो, पंगतीत कोणाला बसवले आणि कोणाला दारात उभे ठेवले, याचा निवाडा त्या वाटणीत होत नाही. तो आधीच होऊन गेलेला असतो, आणि बहुधा कोणाच्या ध्यानीमनी नसताना.

या विचाराला मला पाडले ते एका परक्या मुलुखातल्या पाण्याच्या पाटाने. माझा भाचा स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरी नोकरीस असतो. त्याच्याकडे गेलो असताना, शहराच्या दक्षिणेस, हुकार नदीच्या पाण्यावर जगणाऱ्या एका लहानशा गावात चार दिवस राहण्याचा योग आला. गावाचे नाव सांगून तेथील साध्यासुध्या माणसांना छापील कागदावर ओढण्याचे कारण नाही. एक देऊळवजा चर्च, त्याच्यासमोर चौक, चौकात दोन खानावळी, गावाच्या टोकाला फळे निवडून पेट्या भरण्याची सहकारी वखार, आणि घरे संपली की चहूंकडे संत्र्यांच्या बागा. एप्रिल संपत आला होता. तिकडे या दिवसांत संत्र्याच्या काही जातींवर गेल्या बहाराची पिवळीजर्द फळे आणि नव्या बहाराची पांढरी फुले एकाच फांदीवर नांदत असतात. रात्री खिडकी उघडली की त्या फुलांचा वास अंथरुणापर्यंत येई.

संत्र्याला ते लोक 'नारान्हा' म्हणतात. हा शब्द अरबांच्या 'नारंज'वरून आला, अरबांनी तो इराणी लोकांच्या 'नारंग'वरून घेतला, आणि त्याचे मूळ आपल्या संस्कृतातल्या 'नारंग' शब्दात आहे. आपले नारिंग ते हेच. पाटाला ते 'आसेकिया' म्हणतात. तो शब्दही अरबी 'साकिया'चा. झाडाचे नाव पूर्वेचे, पाटाचे नाव अरबांचे, आणि बाग मात्र कॅथलिक स्पॅनिश शेतकऱ्याची. त्या प्रदेशात संत्र्याची बाग धंदा म्हणून प्रथम लावली ती 1781 साली, कार्काशेन्त गावच्या एका धर्मगुरूने. तोवर संत्र्याची झाडे मुख्यतः शोभेची होती. पाट मात्र त्याच्या शेकडो वर्षे आधीपासून वाहत होते.

ज्यांच्या घरी मी उतरलो, त्या वृद्ध शेतकऱ्यांना सारे गाव 'तिओ' म्हणजे काका म्हणे; मीही तेच म्हणू लागलो. वय पंचाहत्तरीच्या पुढे. जमीन दहा हानेगादा. हानेगादा हे तिकडचे माप सुमारे 831 चौरस मीटरांचे, म्हणजे आपले आठ गुंठे. तेव्हा सगळी मिळून दोन एकर. शेजाऱ्यांच्या बागांत आता ठिबकच्या काळ्या नळ्या आल्या आहेत, पण तिओंची बाग अजून पाटाच्या पाण्याने भिजते. पाळीच्या दिवशी ते मला बरोबर घेऊन गेले. त्यांनी पाटाची लोखंडी फळी वर ओढली, तसे पाणी खळाळत सरीत शिरले. ते पाण्याकडे पाहत होते आणि अधूनमधून मनगटावरच्या घड्याळाकडे. वेळ संपताच त्यांनी फळी खाली ठोकली. शेवटच्या दोन झाडांच्या आळ्यांत पाणी अजून पुरते पोहोचले नव्हते.

मी म्हटले, "तिओ, खालच्या बागेचा मालक तर अजून आलेला नाही. दोन मिनिटांनी काय बिघडते?"

भाच्याने माझे म्हणणे त्यांना सांगितले. तिओ हसले आणि म्हणाले, "तो आलेला नाही, म्हणूनच बिघडते."

या एका वाक्याने मला त्या माणसाविषयी मोठा आदर वाटला, आणि त्या व्यवस्थेविषयीही. समोर कोणी पाहणारा असताना नियम पाळणे सोपे असते. शेजाऱ्याच्या गैरहजेरीतही त्याचा वाटा आपल्या हातून सुरक्षित राहतो, तेव्हा नियम नुसता कागदावर राहत नाही. तो माणसाच्या अंगवळणी पडलेला असतो.

ही सवय त्या प्रदेशात कशी मुरली, ते पाहायचे असेल तर गुरुवारी दुपारी बारा वाजता व्हॅलेन्सियाच्या मोठ्या चर्चच्या दाराशी जाऊन उभे राहावे. तुरिया नदीवरच्या आठ पाटांचे पाणी-न्यायालय तेथे दर आठवड्यास भरते. तिओंचा पाट हुकारचा, त्यामुळे त्याची पंचायत निराळी. पण रीत त्याच कुळातली. आठ पाटांचे आठ निवडलेले प्रतिनिधी काळे अंगरखे घालून दारासमोर अर्धवर्तुळात बसतात. हे सर्व शेतकरीच. एक चोपदार एकेका पाटाचे नाव घेऊन, त्या पाटावरच्या कोणाविरुद्ध फिर्याद आहे काय, असे मोठ्याने विचारतो. वकील नाही, लेखी कैफियत नाही. फिर्यादीने उभे राहून सांगायचे, आरोपीने उभे राहून उत्तर द्यायचे, साक्षीदार असेल त्याने बोलायचे, आणि तेथल्या तेथे निकाल. त्यावर अपील नाही. यात एक बारीक शहाणपण आहे. आरोपी नदीच्या उजव्या तीरावरचा असेल, तर निकाल डाव्या तीरावरचे पंच देतात. डाव्या तीरावरचा असेल, तर उजव्या. न्याय करणारा शेजारच्या रानातला असावा, म्हणजे त्याला पाण्याची किंमत कळते. पण अगदी बांधालगतचा नसावा, म्हणजे जुने भांडण त्याच्या तोंडून बोलत नाही.

हे न्यायालय किती जुने? परंपरा ते दहाव्या शतकातल्या मुसलमानी अमलापर्यंत नेते. इतिहासाला इतके खात्रीने ठाऊक आहे, की 1238 साली राजा हाईमे पहिला याने व्हॅलेन्सिया जिंकली, तेव्हा पाण्याची वहिवाट मुसलमानांच्या काळी होती तशीच चालू ठेवावी, असे त्याने ठरवून दिले. जेत्याने जिंकलेल्यांचा नियम उचलला, अशी उदाहरणे जगात फार नाहीत. 2009 साली युनेस्कोने या न्यायालयाला मानवतेच्या वारशात स्थान दिले. हल्ली बहुतेक गुरुवारी फिर्यादच नसते. आठ नावे पुकारली जातात, कोणी पुढे येत नाही, आणि काही मिनिटांत कामकाज आटोपते. भोवती जमलेले प्रवासी जरा हिरमुसतात. मला मात्र त्या रिकाम्या गुरुवारातच न्यायालयाचे यश दिसले.

येथवर सारे गोड झाले. आता ज्याने माझी झोप उडवली, त्याकडे वळतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिओंच्या बागेत फळे उतरवायला माणसे आली. एका गाडीतून दहाबारा जण उतरले. बहुतेक मोरोक्कोचे, दोघे रुमानियाचे. हातात लहान कात्री, देठ फळालगत कापायचा, फळ पेटीत ठेवायचे. मजुरी पेटीमागे. उन्हे वर आली तसा त्यांतला एक मध्यम वयाचा माणूस पाटाशी हात धुवायला बसला. भाचा त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलू लागला. मी त्याला विचारायला सांगितले, की या पाण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? तो पटकन म्हणाला, "सेगिया." तोच शब्द, थोडा झिजलेला. त्याच्याही गावी पाट आहे, पाळ्या आहेत, पाळीवरून होणारी भांडणे आहेत. "तिथे माझी पाळी आहे," तो म्हणाला, "इथे माझी पेटी आहे." आणि हात झटकून तो झाडाकडे गेला.

पाळी असणे आणि पेटी असणे, यांतले अंतर मला तोपर्यंत इतके स्वच्छ कोणी दाखवले नव्हते. ज्या बागेला तिओंनी मिनिट मोजून पाणी दिले, तिची फळे हा माणूस उतरवतो. त्याच्याशिवाय ती फळे झाडावरच सडतील. पण व्हॅलेन्सियाच्या चर्चच्या दारी आठ पाटांची नावे पुकारली जातात, त्यांत त्याचा पाट कधीच नसतो. तो नियम मोडत नाही, कारण नियमात तो नाहीच.

मग मला त्याच भूमीची एक जुनी गोष्ट आठवली. 1609 साली स्पेनचा राजा फेलिपे तिसरा याने, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या पण मूळच्या मुसलमान घराण्यांतल्या प्रजेला देशाबाहेर काढले. एकट्या व्हॅलेन्सिया राज्यातून एक लाखाहून अधिक माणसे गलबतांत घालून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सोडण्यात आली. त्या हुकुमात एक कलम होते: शंभर घरांमागे सहा घरांना राहू द्यावे. कशासाठी? तर घरे, साखरेचे घाणे, भाताचे पीक आणि पाटबंधारे नीट राखले जावेत म्हणून. चौऱ्याण्णव घरे घालवावीत आणि सहा घरे पाण्याच्या ज्ञानापुरती ठेवावीत, असा तो हिशेब. माणूस नको, त्याचा पाट हवा. पाट राहिले, त्यांचे अरबी शब्द राहिले, पाळीचा चोख नियम राहिला. पाळीतली माणसे तेवढी बदलली. आणि नियम नव्या माणसांनाही तितक्याच निष्पक्षपणे लागू झाला.

हीच गोष्ट मला अस्वस्थ करते. अन्यायाच्या पायावर उभा राहूनही नियम आतल्या माणसांशी पूर्ण न्यायाने वागू शकतो, आणि आतल्या माणसांना त्याची जाणीवही होत नाही.

कादंबरीकाराच्या नजरेने ही जागा व्हॅलेन्सियाचाच लेखक विसेन्ते ब्लास्को इबान्येस याने फार पूर्वी हेरली होती. त्याच्या 1898 सालच्या 'ला बाराका' या कादंबरीत बातिस्ते नावाचा एक गरीब उपरा शेतकरी, गावाने जणू बहिष्कार घातलेली जमीन कसायला येतो. एक गावगुंड त्याच्यावर पाळी मोडून पाणी घेतल्याचा खोटा आळ घेतो, आणि हेच पाणी-न्यायालय त्याला दंड करते. न्यायालय लाच खात नाही, पक्षपात करत नाही. पण ज्याच्या बाजूने बोलायला एकही शेजारी नाही, त्याची तोंडी साक्ष त्या अंगणात पोकळ ठरते. शेजाऱ्यांच्या न्यायात शेजारी नसणे हाच मोठा गुन्हा होऊन बसतो.

मग हे कुंपणच काढून टाकावे काय? पाणी देवाचे, सर्वांचे, ज्याला हवे त्याने घ्यावे? ऐकायला हे फार उदार वाटते. मी तिओंना तसे विचारलेही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वर्षातून एकदा पाट कोरडा करून गाळ काढावा लागतो. 'सर्वांचे' येतील काय गाळ काढायला?" त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीने 1990 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात व्हॅलेन्सियाच्या पाटांचाही अभ्यास आहे. सामाईक पाणी, कुरणे, राने शतकानुशतके टिकवणाऱ्या समाजांत काय समान असते, ते तिने शोधले. 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. टिकणाऱ्या व्यवस्थेची जी लक्षणे तिने सांगितली, त्यांतले पहिलेच असे, की वाटेकरी कोण आणि कोण नाही याची हद्द स्पष्ट असली पाहिजे. म्हणजे कुंपण ही केवळ स्वार्थाची खूण नव्हे. कुंपणाशिवाय जबाबदारीही उरत नाही. त्या मोरोक्कोच्या मजुराच्या गावीही कुंपण आहेच, आणि तेथे तो आत आहे. त्याच्या पाळीत उद्या तिओंनी हात घातला, तर तोही फळी ठोकूनच उत्तर देईल.

तेव्हा खरा प्रश्न असा, की कुंपण कशाचे घालायचे? स्पेनमध्येच याची दोन उत्तरे आहेत. व्हॅलेन्सियात पाणी जमिनीला बांधलेले; जमीन विकली तर पाणी तिच्याबरोबर जाते, नुसते पाणी विकता येत नाही. दक्षिणेकडच्या एल्चे आणि लोर्का येथे पाणी जमिनीपासून तोडलेले होते; शतकानुशतके तेथे पाण्याचा लिलाव होई, आणि ज्याची थैली जड त्याची पाळी मोठी. एकीकडे सातबारा मोठा, दुसरीकडे पैसा मोठा. व्हॅलेन्सियाचे उत्तर मला अधिक सभ्य वाटते, परंतु ज्याच्याजवळ दोन्ही नाही, त्याला दोन्ही दारे बंदच.

तिसरे उत्तर मला आपल्याकडे सापडते. धुळे-नाशिककडच्या पांझरा-मोसम नद्यांवरची जुनी फड पद्धत ही बरीचशी व्हॅलेन्सियाच्या जातीची. बंधारा, पाट, पाटकरी, जागल्या, आणि टंचाईत काही फड बंद ठेवून उरलेले पाणी सर्वांनी वाटून घ्यायचे. पण 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा जो प्रयोग सुरू केला, त्याने कुंपणाचा खांबच उपटून दुसरीकडे रोवला. पाणी जमिनीमागे नाही, माणसामागे. माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही, त्या भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी हक्क विकला जात नाही. आणि ऊस लावायचा नाही, कारण एकाच्या उसात दहांचे पाणी मुरते. ही कुंपण नसलेली व्यवस्था नव्हे. खर्चाचा वाटा उचलावाच लागे, नियम कडकच होते. फक्त आत येण्याची अट बदलली. 'तुझ्याजवळ काय आहे?' हा प्रश्न मागे पडला आणि 'तू या गावचा माणूस आहेस काय?' एवढेच विचारले गेले.

हा फरक मोठा आहे, हे महाराष्ट्राला कोणी शिकवायला नको. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने 1924 साली सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह जाऊन त्या पाण्याला ओंजळ लावावी लागली. तळ्यात पाणी कमी होते म्हणून काही कोणाला अडवलेले नव्हते. तेथे वाटणीचा प्रश्नच नव्हता. ताटे किती मांडायची, एवढाच होता.

पण पुरंदरच्या उत्तरालाही एक काठ आहेच. 'या गावचा माणूस' म्हटले, की दुसऱ्या गावचा माणूस बाहेर राहतो. तो कायम बाहेर राहणार काय? मला वाटते, येथे तिओंच्याच युक्तिवादाचा धागा धरावा. गाळ काढायला जो येतो, त्याचे पाणी. ठीक. मग पाण्यामागचे कष्ट आज कोण करतो, याची मोजणी दर पिढीने नव्याने का करू नये? पूर्वजांनी एकदा केलेली मोजणी आपण वारसाहक्काने घेतो आणि तिला न्याय म्हणतो. पाळीचे घड्याळ आपण काटेकोर पाहतो. पाळीतल्या नावांची यादी मात्र कोणी तपासत नाही. मजुराला लगेच पाटाचे पाणी द्यावे, असे माझे म्हणणे नाही. पाणी घेऊन तो करणार काय? पण त्या पाण्यातून जे पिकते, त्याचा भाव, त्याचे घर, त्याचे आजारपण, यांची फिर्याद कोठेतरी पुकारली गेली पाहिजे.

व्हॅलेन्सियाचे न्यायालय चर्चच्या आत न भरता दारात का भरते, याची एक कथा सांगतात. पूर्वी त्या जागी मशीद होती. तिचे चर्च झाल्यावर मुसलमान शेतकऱ्यांना आत जाता येईना, म्हणून पंच उठून बाहेर येऊन बसले. कथा किती खरी, हा वाद पंडितांनी करावा. मला तिच्यातला अर्थ पुरतो: ज्याला आत येता येत नाही, त्याच्यासाठी न्यायाने उठून उंबरठ्यावर यावे. कुंपण असू द्यावे, पण त्याला असे एक दार हवे, आणि त्या दारात ठरल्या वारी, ठरल्या वेळी, ऐकून घेणारे कोणी बसलेले हवे.

दिवाळीचा फराळ आटोपून घरोघर हा अंक चाळला जाईल, त्या दिवसांत आपल्या राज्यात गाळपाचा हंगाम तोंडाशी आलेला असतो. बीडकडच्या कोरड्या गावांतून नवरा-बायकोची जोडी, जिला उसाच्या धंद्यात 'एक कोयता' असेच म्हणतात, उचल घेऊन लेकरांसह पश्चिमेच्या हिरव्या फडांकडे निघते. त्यांच्या गावी पाण्याचा टँकर, आणि जेथे ते जातात तेथे कालव्याच्या पाळ्या. त्या पाळ्यांवर वाढलेला ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, आणि स्वतःच्या कोपीत प्यायचे पाणी दुरून डोक्यावर आणायचे. पाळीपत्रकात त्यांचे नाव नाही. मुकादमाच्या वहीत आहे. आपल्या करंजीत जी साखर पडली, ती या दोन वह्यांच्या मधून आली आहे. गोड लागते म्हणून ती टाकावी, असे मी म्हणणार नाही. पण ज्या गावचा पाट त्या उसाला भिजवतो, त्या गावच्या पंचांनी एकदा तरी कोपीवर जाऊन, कोणाची काही फिर्याद आहे काय, असे मोठ्याने विचारावे. पहिल्या वर्षी कदाचित कोणी पुढे येणार नाही. बाहेरच्या माणसाला आपले नाव पुकारले जात आहे, यावर विश्वास बसायला वेळ लागतो. म्हणून दुसऱ्या वर्षीही विचारावे.